सतरावा माणूस आणि रबरी चेंडू

(‘द वेस्ट विंग’ या अमेरिकी राजकीय मालिकेबद्दल आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून जास्त एकाच एपिसोडबद्दल आहेत: दुसऱ्या पर्वातला अठरावा, ‘सेव्हन्टीन पीपल’. एनबीसी वाहिनीवर तो ४ एप्रिल २००१ ला दाखवला गेला. लेखक आरन सॉर्किन, दिग्दर्शक अ‍ॅलेक्स ग्रेव्ह्ज. राष्ट्राध्यक्ष बार्टलेटने आपला आजार लपवलाय, हे त्याचा संवाद-संचालक, म्हणजे भाषणं आणि प्रसिद्धी सांभाळणारा टोबी झीगलर ओळखतो, आणि हे गुपित कळलेला तो सतरावा माणूस ठरतो. एपिसोड पाहिला नसेल तर आधी पाहा, उत्तरांत सगळं फोडलेलं आहे.)

गोळी सुटत नाही, मतदान होत नाही, कुणी राजीनामा देत नाही. माणसं बंद खोलीत नुसती बोलतात. तरी जागचं उठवत नाही, ते कशामुळे? — एक वाचक, नाशिक

रहस्यामुळे नक्कीच नाही. अध्यक्षांना मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जासंस्थेचा आजार आहे, हे पहिल्या पर्वाच्या बाराव्या भागातच, म्हणजे जानेवारी २००० मध्ये, प्रेक्षकाला सांगून टाकलंय. टोबीला काय कळणार हे आपल्याला माहीत असतं. कळल्यावर तो काय करेल, हे मात्र माहीत नसतं. लेखकाने सगळी भिस्त त्या एका गोष्टीवर ठेवली आहे.

सुरुवातीलाच टोबी आपल्या खोलीत रबरी चेंडू भिंतीवर आपटत बसलेला दिसतो. रात्री उलटतात, चेंडू थांबत नाही. डोक्यात चाललेला विचार पडद्यावर दाखवणं ही पटकथाकाराची जुनी डोकेदुखी. इथे ना आत्मसंवाद आहे, ना पार्श्वनिवेदन. चेंडूचा आवाज आणि माणसाचा चेहरा, एवढ्यावर भागवलंय.

आता सुगावा कोणता आहे ते बघा. तो वैद्यकीय नाही. उपराष्ट्राध्यक्ष हॉइन्स हा टेक्सासचा, तेल कंपन्यांच्या जवळचा म्हणून ओळखला जाणारा माणूस. तोच तेल कंपन्यांविरुद्ध बोलायला पुढे येतो, आणि त्याने त्या विषयावर आधी जनमत चाचणी करून घेतलेली असते. अध्यक्ष दुसऱ्यांदा उभे राहणार असतील तर याने आत्ताच आपले डाग धुवायला का घ्यावेत? कोण काय बोलतंय आणि का बोलतंय, हे ओळखणं हाच टोबीचा धंदा, त्यामुळे धागा त्याच्याच हाती लागणं पटतं. गोळ्यांची बाटली किंवा चुकून कानावर पडलेला फोन वापरला असता तर तो सुगावा कुणालाही सापडला असता, आणि मग एपिसोड टोबीचा राहिला नसता.

ओव्हल ऑफिसमध्येही क्रम नेमका लावलाय. अध्यक्ष आजार मोजक्या शब्दांत सांगतात. टोबी आधी गप्प राहतो, मग प्रश्न विचारतो, मग त्या प्रश्नांना धार येते. अध्यक्ष उलट त्यालाच टोचतात: राग न सांगितल्याचा आहे, की तुझ्याआधी इतक्यांना सांगितल्याचा? प्रश्न कावेबाज आहे, कारण त्यात थोडं तथ्यही आहे. मार्टिन शीन (बार्टलेट) आणि रिचर्ड शिफ (टोबी) दोघांनी इथे कमाल केली आहे. टोबी संतापलेला असतानाही अधिकाराची पायरी विसरत नाही. ‘साहेब, साहेब’ म्हणत साहेबांना खोटं ठरवण्यातली कसरत मराठी प्रेक्षकाला वेगळी समजावून सांगायला नको.

विनोदाचं उपकथानक पाणचट वाटलं. ते कापून दीड तासाचा एपिसोड पाऊण तासात बसवता आला नसता का? — एक वाचक, कोल्हापूर

एपिसोड पाऊण तासाचाच आहे. जाहिराती वगळल्या तर त्या काळी अमेरिकी वाहिनीवरचा ‘एक तास’ साधारण ४२ ते ४४ मिनिटांचा असे. तुम्हाला तो दीड तासाचा वाटला याचं एक कारण हे उपकथानकच आहे, आणि ही तक्रार नाही.

व्हाइट हाउसच्या वार्ताहरांचं वार्षिक जेवण जवळ आलंय आणि अध्यक्षांच्या भाषणातले विनोद पडेल झालेत. म्हणून जॉश, सॅम, डोना, एन्स्ली वगैरे व्हाइट हाउसमधली मंडळी रात्री बसून ते सुधारताहेत. विनोद तसे सुमारच आहेत, ते मुद्दाम. बाजूच्या खोलीत काय चाललंय याची यांना कल्पना नाही. प्रत्येक वेळी कॅमेरा इकडे आला की आपण हसतो, आणि लगेच अपराधी वाटतं. ही माणसं ज्याच्यासाठी शब्द घासूनपुसून देताहेत, तो माणूस यांच्याशी खोटं बोलला आहे. हे कुणीही तोंडाने म्हणत नाही. नुसती दोन दृश्यं शेजारी ठेवली की अर्थ आपोआप निघतो. कात्री लावली असती तर ओव्हल ऑफिसमधलं सलग भांडण उरलं असतं, आणि सलग भांडण दहाव्या मिनिटाला कंटाळवाणं होतं.

जॉश–डोनाच्या फुलांचा धागाही सैल नाही. जॉशची सहायक डोना नोकरी सोडून जुन्या मित्राकडे गेली होती. ती परत आली त्या दिवसाची आठवण म्हणून जॉश फुलं देतो, आणि ती चिडते. पुढे कळतं, ती गाडीच्या अपघातानंतर इस्पितळात होती तेव्हा तो मित्र वाटेत बिअर प्यायला थांबला होता. मी थांबलो नसतो, असं जॉश म्हणतो. मी लाल सिग्नललाही थांबले नसते, असं डोना उत्तरते. कोण कुणासाठी काय करेल हा प्रश्न बंद दाराआडही चालूच आहे, फक्त तिथे फुलं नाहीत.

टोबी भुलीचा आणि पत्राचा मुद्दा काढतो तो समजला नाही. — एक वाचक, ठाणे

एपिसोडचा कणा तोच आहे, त्यामुळे थोडं सविस्तर सांगतो. अमेरिकी घटनेची २५वी दुरुस्ती १९६७ मध्ये मंजूर झाली. तिच्या तिसऱ्या कलमानुसार अध्यक्ष स्वतः लेखी कळवून आपले अधिकार तात्पुरते उपराष्ट्राध्यक्षाकडे देऊ शकतो. पत्र प्रतिनिधीगृहाच्या सभापतीला आणि सिनेटच्या हंगामी अध्यक्षाला जातं. परत घ्यायचे तर दुसरं पत्र. अध्यक्ष सही करण्याच्या अवस्थेतच नसेल तर चौथं कलम: उपराष्ट्राध्यक्ष आणि मंत्रिमंडळातलं बहुमत मिळून तसं कळवतात.

पहिल्या पर्वाच्या शेवटी बार्टलेटला गोळी लागते, शस्त्रक्रियेसाठी भूल दिली जाते आणि पत्रावर सही झालेली नसते. मग त्या काही तासांत देश कोण चालवत होतं? चीफ ऑफ स्टाफ, म्हणजे अध्यक्षांच्या कार्यालयाचा प्रमुख लिओ, ज्याला कुणी निवडून दिलेलं नाही. टोबीच्या रागाला इथे घटनात्मक पाया मिळतो आणि तो ‘मला का नाही सांगितलं’च्या वर उठतो.

हे सॉर्किनने हवेतून आणलेलं नाही. ३० मार्च १९८१ ला राष्ट्राध्यक्ष रेगनवर गोळीबार झाला तेव्हा कागद तयार झाले, पण सही झाली नाही, आणि परराष्ट्रमंत्री अलेक्झांडर हेग पत्रकारांसमोर येऊन सूत्रं आपल्या हाती असल्याचं बोलून बसले. १३ जुलै १९८५ ला आतड्याच्या शस्त्रक्रियेआधी मात्र रेगनने पत्र दिलं आणि उपराष्ट्राध्यक्ष थोरले बुश सुमारे आठ तास कार्यवाह अध्यक्ष होते.

असं कथानक भारतीय पंतप्रधानावर रचता येईल का? — एक वाचक, पुणे

पत्राचा पेच जसाच्या तसा उचलू नका, इथे तो लागू पडत नाही. राष्ट्रपती आजारी असतील तर अनुच्छेद ६५ नुसार उपराष्ट्रपती काम पाहतात. पंतप्रधानासाठी घटनेत तशी तरतूदच नाही. जानेवारी २००९ मध्ये मनमोहन सिंगांची बायपास झाली तेव्हा प्रणव मुखर्जींनी मंत्रिमंडळाच्या बैठका घेतल्या, पण त्यांना ‘कार्यवाह पंतप्रधान’ असं पद मिळालं नाही. तुमचा पेच या पोकळीत शोधा: कागदच नाही, तेव्हा खुर्चीशेजारी कोण बसणार? यातून येणारी धुसफूस अस्सल देशी असेल.

स्पर्धेसाठी एका सेटवरची राजकीय एकांकिका लिहितोय. या एपिसोडमधून काय घ्यावं? — एक वाचक, सातारा

अशा भागाला तिकडे ‘बॉटल एपिसोड’ म्हणतात. उभे असलेले सेट, नेहमीचेच नट, बाहेरचं चित्रीकरण नाही. उद्देश पैसा वाचवण्याचा. तुमची अडचणही बहुधा तीच.

लिहिण्याआधी एक तक्ता करा. उभ्या रकान्यात पात्रं, आडव्या ओळीत प्रवेश, आणि प्रत्येक चौकटीत ‘याला या क्षणी काय ठाऊक आहे’ एवढंच. ज्या प्रवेशात एकही चौकट बदलत नाही, तो बहुतेक वेळा जाणार. सर्वांत जास्त एकांकिका इथेच फसतात: दोघांनाही जे ठाऊक आहे तेच दोघं एकमेकांना सांगतात, कारण लेखकाला ते प्रेक्षकाला सांगायचं असतं. टोबीला खरोखर माहीत नाही, म्हणून अध्यक्षांनी सांगणं ऐकवतं.

दुसरी चूक आवाजाची. दिग्दर्शक तालमीत पाचव्या मिनिटालाच नटाला चढवतो आणि मग वर जायला जिना उरत नाही. पहिला मोठा आवाज संहितेचे दोन-तृतीयांश उलटल्यावर ठेवून पाहा. त्याआधीचा राग प्रश्नांतून येऊ द्या, आणि प्रश्न आखूड ठेवा. पाऊण तासाच्या प्रयोगात दुसरी, हलकी खोली हवीच. तिच्याकडे दर चार-पाच मिनिटांनी जा, पण ठरावीक अंतराने नको, प्रेक्षकाला ठेका लगेच कळतो. एक पान म्हणजे एक मिनिट हा हिशेब जलद संवादांना लागू पडत नाही, तेव्हा घड्याळ लावून मोठ्याने वाचूनच लांबी ठरवा. आणि दार कुठे आहे ते पहिल्या दिवशी पक्कं करा. बंद खोलीच्या नाटकात दार हे पात्रच असतं.

सॅम आणि एन्स्ली कशावर वाद घालतात? — एक वाचक, मडगाव

स्त्री-पुरुष समान हक्कांच्या घटनादुरुस्तीवर. अमेरिकी संसदेने, म्हणजे तिथल्या काँग्रेसने, ती १९७२ मध्ये मंजूर केली. ३८ राज्यांची संमती हवी होती, १९८२ ची मुदत संपेपर्यंत ३५ च मिळाली. एन्स्लीचं म्हणणं, १४व्या दुरुस्तीत हे संरक्षण आहेच. रिपब्लिकन स्त्री विरोध करते आणि डेमोक्रॅट पुरुष तिला तिचे हक्क समजावतो, हीच त्यातली गंमत.

पर्वं सात आहेत, एवढा वेळ नाही. किमान काय पाहू? — एक वाचक, नवी मुंबई

आधी पहिल्या पर्वाचा बारावा भाग. मग दुसऱ्या पर्वाचे पहिले दोन, सतरावा (टोबीला हॉइन्सचा संशय इथे येतो) आणि अठरावा. अठराव्यानंतर थांबणं जमणार नाही, म्हणून बाविसाव्यापर्यंतची सोय करूनच बसा. संवाद फार वेगाने जातात, सबटायटल चालू ठेवा.