वाचकांचे प्रश्न : सहा सिलिंडर, दोन सायलेन्सर

प्रश्न : १९५१ ची शेव्हर्ले आहे, २१६ घनइंचाचं मूळ सहा सिलिंडर इंजिन. आवाज गोड, पण फार मवाळ. उद्यमनगरातला वेल्डर म्हणतो, मागच्या चाकापाशी पाईपला वाय जोड देऊन दोन सायलेन्सर लावू, एका दिवसाचं काम. करून घ्यावं का?
– एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : मागून दोन नळ्या दिसायला हव्या असतील तर करून घ्या. आवाजासाठी करू नका. सहाही सिलिंडरचा धूर एका पाईपात मिसळून झाल्यावर तो मागे दोन वाटांनी सोडला, तर दोन्हीकडून तोच आवाज येणार, फक्त थोडा मोठा.

आवाज बदलतो तो मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्या सिलिंडरचा धूर गोळा करून पाईपात सोडणाऱ्या बिडाच्या तुकड्यावर. या इंजिनाचा फायरिंग क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-५-३-६-२-४. त्यातला एकाआड एक आकडा घ्या : १, ३, २ आणि ५, ६, ४. म्हणजे पुढचे तीन सिलिंडर एका पाईपाला आणि मागचे तीन दुसऱ्याला दिले, की प्रत्येक पाईपात क्रँकच्या दर २४० अंशांना एक ठोका पडतो, अगदी समान अंतराने. एका गाडीत दोन तीन-सिलिंडर इंजिनं बोलतायत असा तो खरखरीत, फाडत जाणारा आवाज येतो. तुमचं नशीब असं की हेडमधली एक्झॉस्टची (धूर बाहेर पडायची) भोकंही चारच आहेत : १ वेगळं, २-३ जोडीचं, ४-५ जोडीचं, ६ वेगळं. बरोबर मध्ये तोडता येतं.

गाडीवरचा मूळ मॅनिफोल्ड मात्र कापू नका. तो तेल लावून फडताळात ठेवा आणि दुसरा जुना मिळवा (कारण शेवटच्या उत्तरात आहे). त्याचे आतून दोन भाग करणारा पडदा २-३ च्या भोकानंतर, पण धूर बाहेर सोडणाऱ्या मधल्या मूळ तोंडाच्या अलीकडे वेल्ड करून बसवायचा. म्हणजे मूळ तोंड आणि कार्ब्युरेटरखालची गरम पेटी मागच्या तिघांकडे राहते. ती पेटी बंद पडली तर थंडीच्या सकाळी गाडी पहिले दोन-तीन किलोमीटर अडखळेल. पुढच्या तिघांना खालच्या अंगाला नवीन तोंड काढावं लागेल : पाईप जोडायला १० मिमी जाडीचा फ्लँज (चपटी कडी), त्याच्या स्टडवर (आट्यांच्या खिळ्यांवर) पितळी नट. लोखंडी नट वर्षभरात स्टडला घेऊनच निघतो.

वेल्डिंगवर सगळं अवलंबून आहे आणि काम बिघडतं ते इथेच. सत्तर वर्षं भाजलेलं बीड (ओतीव लोखंड) आतून कार्बन प्यालेलं असतं. आधी तापवून तेल-काजळी जाळून टाका, मग चकाकी येईपर्यंत ग्राइंडर मारा. ५५ टक्के निकेलचा, म्हणजे निकेल-आयर्न रॉड वापरा, साधा नको. सगळा तुकडा २५० ते ३०० अंशांपर्यंत तापवायचा. थर्मल चॉक (ठरलेल्या तापमानाला वितळणारा खडू) फिरवून खात्री करा, अंदाजावर राहू नका. एका वेळी फक्त इंचभर टाका भरायचा आणि त्याची लाली उतरायच्या आत गोल तोंडाच्या हातोडीने हलके ठोके द्यायचे. आवळणाऱ्या टाक्याचा ताण त्याने सैल होतो. काम संपल्यावर कोरड्या चुन्यात किंवा वाळूत पुरून रात्रभर ठेवा. पंख्याखाली ठेवलेला तुकडा 'टिण्' असा आवाज करतो. तो आवाज आला की तडा गेला समजा. कोल्हापुरात फाउंड्र्यांची कमी नाही. बीडकाम रोज करणाऱ्याच्याच हातात हे द्या, गेट-ग्रिल करणाऱ्याच्या नाही.

वेल्डिंगनंतर मॅनिफोल्ड वाकणारच. सरळपट्टी लावून फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) घाला, ०.१५ मिमीपेक्षा जास्त फट असेल तर फेसिंग, म्हणजे हेडला टेकणारी बाजू सपाट करून घ्या. इनटेक (हवा-पेट्रोल आत नेणारा) आणि एक्झॉस्ट असे दोन्ही मॅनिफोल्ड एकत्र जोडूनच फेसिंग करायचं. बसवताना त्या दोघांमधले बोल्ट हातानेच लावून सोडा, आधी हेडचे नट आवळा आणि हे दोघांमधले बोल्ट सर्वांत शेवटी. सुमारे ६० सेंमी लांबीचं बीड ४०० अंशांनी तापलं की जवळपास अडीच मिलिमीटर वाढतं. आधीच जखडून टाकलं तर ते कुठेतरी कान तोडूनच वाढणार.

पाईप पावणेदोन इंची, १६ गेज. 'दोन-दोन इंची टाकू, मोकळा श्वास घेईल' असं कुणीतरी म्हणेलच. हिशेब असा : एका दोन इंची पाईपाचा आतला छेद सुमारे १७.८ चौ. सेंमी. दोन पावणेदोन इंची पाईपांचा मिळून सुमारे २६.८, म्हणजे दीडपट. दोन दोन-इंचींचा ३५.६. एवढी जागा या साडेतीन लिटरच्या संथ इंजिनाला लागत नाही. पाईप गार राहतो, आत पाणी साचतं आणि सायलेन्सर आतून गंजतो. पावणेदोन इंचीतही थोडं पाणी साचतंच, म्हणून प्रत्येक सायलेन्सरच्या सर्वांत खालच्या जागी ३ मिमीचं भोक पाडा.

सायलेन्सर म्हणून बुलेटची नळी लावू नका. नुसत्या काचलोकरीचा सायलेन्सर चिरका आवाज खातो, पण खोल आवाज त्याला जुमानत नाही. मिनिटाला ६०० फेऱ्यांच्या आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) प्रत्येक पाईपात सेकंदाला १५ ठोके पडतात. ते मऊ करायला आत कप्पे आणि पोट लागतं. ६ इंच व्यास, २० इंच लांबीचा कप्पेवाला सायलेन्सर घ्या, सुमारे ९ लिटरचा. त्यामागे हवी तर छोटी काचलोकरीची नळी.

पहिला आधार रबरी हँगरचाच हवा. इंजिन रबरावर डोलतं. पाईप चेसीला थेट क्लॅम्पने बांधला, तर प्रत्येक गिअरला मॅनिफोल्डचा कान ओढला जातो. ब्रेक आणि पेट्रोलच्या नळीपासून किमान ५० मिमी दूर राहा. जागाच नसेल तर मध्ये पत्रा, आणि पत्रा-पाईपात १० मिमी हवा.

आणि शेपट्या, म्हणजे पाईपांची मागची तोंडं, गाडीच्या दोन्ही बाजूंना काढा. एका पाईपाचा ठोका पडतो तेव्हा दुसऱ्याचा बरोबर मधला क्षण असतो. दोन्ही तोंडं शेजारी-शेजारी आली, तर मागे उभ्या माणसाच्या कानात दोन्ही मिसळून पुन्हा सहा सिलिंडरच ऐकू येतात. एवढा खटाटोप करून पहिल्यासारखाच आवाज आला तर काय उपयोग?

प्रश्न : माझ्या जुन्या सहा सिलिंडर डॉज किंग्जवे गाडीला अशीच दोन पाईपची रचना झाली आहे. आवाज मस्त, पण कागलच्या दिशेने हायवेला ७५-८० वर गाडी आतून घुमते, डोकं धरतं.
– एक वाचक, कावळा नाका

उत्तर : आधी गाडी जॅकवर घेऊन पाईप कुठे टेकतोय का बघा. टेकलेल्या जागी चकाकी असते. तसं नसेल तर मोबाइलमध्ये आवाजाच्या पट्ट्या (कोणत्या हर्ट्झला किती आवाज) दाखवणारं अॅप टाका आणि शेजारच्याला घुमण्याच्या वेगाला बघायला सांगा. तुमच्या गाडीत त्या वेगाला इंजिन साधारण २४०० फेऱ्यांवर असतं, म्हणजे प्रत्येक पाईपात ६० हर्ट्झ, दोन्ही मिळून १२०.

उंच पट्टी ६० पाशी असेल तर दोन्ही पाईप एकमेकांना जोडणारी आडवी नळी हवी : सायलेन्सरच्या पुढे, गिअरबॉक्सच्या खाली, दीड इंची. खरखर थोडी कमी होईल, तेवढी किंमत मोजावी लागेल. पट्टी १२० ला असेल तर या नळीने फरक पडणार नाही. मग प्रत्येक पाईपाला टी जोड काढून एक टोक बंद असलेली नळी लावा. ३०० अंशांच्या धुरात आवाज सेकंदाला सुमारे ४८० मीटर जातो. ४८० ला (४ × १२०) ने भागलं, की नळीची लांबी एक मीटर. धुराचं तापमान गाडीगणिक वेगळं, म्हणून टोकाचं टोपण १० सेंमी मागेपुढे सरकेल असं करा आणि घुमणं थांबेल तिथे पक्कं करा.

प्रश्न : नवीन पाईपनंतर पन्हाळ्याचा घाट उतरताना पाय काढला की फट्-फट् फटाके वाजतात. मुलं खूश आहेत. चालू द्यावं?
– एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : मुलांना खूश राहू द्या, पण जोड तपासा. सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेलं पेट्रोल पाईपात पेटतं. इंजिन गार असताना चालू करा, मागचं तोंड जाड फडक्याने क्षणभर दाबा आणि जोडांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे येतील तिथे तांब्याचं पॅकिंग नवीन घाला. जोडाभोवती काजळीची काळी रेघ दिसली तर पाणी टाकायचीही गरज नाही.

प्रश्न : पोलिस आणि आरटीओचं काय?
– तिघांनी विचारलं आहे

उत्तर : सायलेन्सर सक्तीचा आहे, जुन्या गाडीला सूट नाही. आवाजाच्या प्रदूषणासाठी मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं. २०२१ च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाडीची व्हिंटेज नोंदणी होते. ती करायची असेल तर अर्ज आणि तपासणीपूर्वी मूळ मॅनिफोल्ड आणि एकेरी पाईप परत चढवा. फडताळात ठेवा म्हटलं ते यासाठी. गॅस्केटचा एक जादा संच आत्ताच घेऊन ठेवा. एकदा दाबलेलं पॅकिंग दुसऱ्यांदा धरत नाही.