गावातल्या जुन्या अवजारांचं संग्रहालय काढायचं आहे. ग्रामपंचायतीने धाब्याची (मातीच्या सपाट छताची) खोली दिली आहे, अवजारं रंगरंगोटी करून मांडणार आहोत. सुरुवात कुठून करावी, खर्च किती येईल?

आधी तो रंगाचा डबा परत करा. ग्रामपंचायतीची धाब्याची खोली मिळाली हे चांगलंच झालं, पण अवजारं 'रंगरंगोटी करून' मांडणार हे वाचलं आणि राहवलं नाही. आपल्या खान्देशात तिफण, वखर, उखळ सगळं एकाच चॉकलेटी ऑइलपेंटने माखलेलं दिसतं तेव्हा जीव तुटतो.

पेरणीच्या तिफणीचं चाडं, म्हणजे बी सोडायची लाकडी वाटी, उजेडात धरून पाहा. पेरणाऱ्या बाईची मूठ जिथे टेकायची तेवढी कड गुळगुळीत नि काळपट, बाकी लाकूड खरबरीत. दिंडाला, म्हणजे तिफणीच्या जाड आडव्या लाकडाला, चीर गेली म्हणून लोहाराने ठोकलेली पट्टी. रंगाचा एक हात फिरला की हे बुजतं, आणि रंग खरवडायला गेलात तर ती झिलईही जाते. व्हार्निश नको, अळशीचं तेलही नको. ते काळं पडतं नि धूळ धरतं. मऊ कोरडा ब्रश पुरे.

'रंग नसला तर कीड खाईल' हे सांगणारे प्रत्येक गावात भेटतात. भुंग्याची अळी लाकडाच्या आत असते. आतून पोखरते नि भुंगा होऊन रंग फोडून बाहेर पडते. म्हणून आलेली वस्तू आधी वेगळी ठेवा, झटका, खाली काळा कागद अंथरा. काही आठवड्यांत त्यावर ताजा भुगा पडला तर कीड जिवंत आहे. चाडं, रवी, पायली असल्या लहान वस्तू प्लास्टिकमध्ये घट्ट बांधून उणे १८ ते २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवायच्या. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही, नाहीतर गार लाकडावर दव धरतं. वाळवीचं वेगळं. ती जमिनीतून नि भिंतीतून चढते, तेव्हा लोखंडी स्टँड करा आणि भिंतीपासून वीतभर जागा सोडा. धाब्याच्या खोलीत तर हे हवंच.

विहिरीतून पाणी उपसायची चामड्याची मोट घडी घातली की घडीवरच तडकते. आत धुतलेली सुती कापडं सैल भरा आणि तापत्या पत्र्याखाली ठेवू नका. ती एकटी टांगण्यातही अर्थ नाही. नाडा (मोटेचा जाड दोर), सोंदूर (सोंडेचा बारीक दोर), वरचं चाक नि खालचा कणा (फिरता लाकडी रूळ) जोडीला असल्याशिवाय थारोळ्यावर, म्हणजे पाणी ओततात त्या कुंडावर, सोंड कशी उघडते हे पोरांना कळणार नाही.

सुरुवात म्हणाल तर नोंदवहीपासून. वस्तू दारात उतरली त्याच दिवशी क्रमांक, देणाऱ्याचं नाव, घरातलं अहिराणी नाव, कोण वापरायचं, कोणत्या शेतात, काय मोडलं नि कोणी सांधलं. दानपत्रावर सही घ्या, नाहीतर पुढे वारस परत मागतात. क्रमांक सुती फितीवर पेन्सिलने लिहून बांधा, लाकडावर मार्कर नको. म्हाताऱ्यांना 'आठवणी सांगा' म्हटलं की ते गप्प होतात. 'पेरताना नळी तुंबली तर काय करायचात?' विचारा, मग बोलतात. गाव पांझरा नदीच्या फडांतलं, म्हणजे गावाने मिळून पाटाचं पाणी वाटून घेण्याच्या जुन्या पद्धतीतलं, असेल तर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यांना आधी गाठा. पाणीवाटपाच्या वह्या कुणाकडे निघाल्या तर त्या लॅमिनेट मात्र करू नका.

जळगावात बहिणाबाई चौधरींच्या घरात त्यांच्या वापरातल्या वस्तू जपल्या आहेत, त्या पाहून या. वस्तू माणसासकट ठेवणं म्हणजे काय ते तिथे दिसेल.

खर्चाचं म्हणाल तर आकडा खोलीवर ठरेल. पैसा आधी गळती, वायरिंग नि स्टँडवर घाला; काचेची कपाटं नंतर.

दोन गोष्टी राहिल्या. आपल्याकडच्या कानबाई देवीच्या पूजेतलं जे अजून घरात पुजलं जातं ते मागू नका, फोटो नि माहिती घ्या. आणि शंभर वर्षांवरची मूर्ती वा नाणी कोणी आणून दिली तर १९७२ चा पुरावशेष कायदा लागू होतो. आत घेण्याआधी पुरातत्त्व खात्याला विचारा.