जुनी ॲकूस्टिक गिटार घेताना आणि पुढे विकताना

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. मार्टिन कंपनीची १९६०च्या दशकातली डी-२८ मॉडेलची गिटार विकायला आली आहे, तिचा आवाज ऐकताच तुझे मन तिच्यावर जडले आहे आणि विकणाऱ्याने दोन दिवसांत निर्णय मागितला आहे, हे वाचले. आवाजाने भारावून जाणे स्वाभाविक आहे, तरीही माझे ऐकशील तर आवाजाची परीक्षा शेवटी कर आणि आधी मानेचा कोन पाहा, कारण जुन्या गिटारीवरचा मोठा खर्च बहुतेक वेळा तिथेच दडलेला असतो.

तारांच्या ताणाने वर्षानुवर्षे मान पुढे ओढली जाते आणि तारा फ्रेटबोर्डापासून (मानेवरची, बोटे दाबायची पट्टी) हळूहळू वर जातात. एक लांब, सरळ पोलादी पट्टी मानेच्या मध्यावर फ्रेट्सवर, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, ठेव आणि ब्रिजपर्यंत, म्हणजे तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या लाकडी तुकड्यापर्यंत, सरकव. तिचे टोक ब्रिजच्या लाकडाच्या वरच्या कडेला टेकले किंवा किंचित वरून गेले तर कोन ठीक आहे. ते त्या कडेच्या बरेच खाली अडले तर मान सोडवून, सांधा तासून, ती पुन्हा बसवावी लागेल. यालाच नेक रीसेट म्हणतात. त्यानंतर सॅडल, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात ती पातळ पट्टी, पाहा. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास असली, पण सॅडल ब्रिजच्या लाकडात जवळजवळ बुडालेले असले, तर ते घासून मूळ दोष झाकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. अशी गिटार आज हाताला हलकी लागते, पण तारा आणखी खाली आणायला तिच्यात वावच उरलेला नसतो. नेक रीसेट झालेला असणे हा मात्र दोष मानू नकोस. चांगल्या कारागिराने तो केला असेल तर ती गिटार मी अधिक निर्धास्तपणे घेईन.

साउंडहोलमधून, म्हणजे पुढच्या गोल भोकातून, छोटा आरसा आणि दिवा आत घाल. ब्रिजखालच्या पट्टीवरची छिद्रे तारांच्या टोकांच्या गोळ्यांनी कुरतडली आहेत का, एखादा ब्रेस (आतून आधार देणारी लाकडी पट्टी) सुटला आहे का, भेगांना आतून लाकडाचे ठोकळे चिकटवले आहेत का, हे पाहा. पिकगार्डच्या, म्हणजे ओरखडे टाळायला लावलेल्या पातळ पट्टीच्या, कडेलगतची भेग या काळातल्या मार्टिनवर वारंवार आढळते. तेव्हा पिकगार्ड थेट उघड्या लाकडावर चिकटवत; पुढे ते आकसते आणि खालचे लाकूड सोबत ओढून चिरते. नीट सांधलेल्या अशा भेगेला घाबरू नकोस. ब्रिजच्या मागे पृष्ठभागाला आलेला हलका फुगवटाही ताणाने येतोच.

साल ठरवणे मार्टिनच्या बाबतीत सोपे आहे, कारण १८९८ मध्ये ८००० पासून सुरू झालेले अनुक्रमांक आत, मानेच्या ठोकळ्यावर, ठोकलेले असतात. गिब्सन घेताना मात्र नुसत्या क्रमांकावर विसंबू नकोस. १९६०च्या दशकात तिथे तेच क्रमांक पुन्हा पुन्हा वापरले गेले.

किमतीचा खरा प्रश्न मूळपणाचा आहे. नव्याने लॅकर (लाकडावरचे चकचकीत रोगण) मारलेल्या गिटारीची किंमत निम्म्यापर्यंतही घसरते. अतिनील दिव्याखाली जुने लॅकर आणि नंतर मारलेले थर वेगवेगळे चमकतात, म्हणून असा दिवा जवळ ठेव. फ्रेट्स बदललेले असतील तर हरकत नाही. वाजवलेल्या वाद्याचे फ्रेट्स झिजणारच. ट्यूनिंगच्या खुंट्या बदललेल्या असतील तर जुन्या खुंट्या मिळतात का ते विचार, आणि नव्या खुंट्यांसाठी हेडस्टॉकला (मानेच्या वरच्या टोकाला) नवी छिद्रे पाडली आहेत का हेही तपास.

कधीतरी तुलाही ती विकायची वेळ येईल, तेव्हा हीच सगळी तपासणी स्वतः लिहून काढ. प्रत्येक भेगेचा, दुरुस्तीचा आणि बदललेल्या भागाचा जवळून काढलेला फोटो दे आणि विकण्याआधी ती चकचकीत करण्याचा मोह टाळ. दोष आधी सांगितला की घासाघीस थोडी होते, पण व्यवहार मोडत नाही; घेणाऱ्याला तो नंतर सापडला की गिटार परत येते आणि शब्दही जातो. याबाबतीत मी फार आग्रही आहे.

लाकडाची नोंद विशेष काळजीने कर. मार्टिनने डी-२८ साठी १९६९ पर्यंत ब्राझिलियन रोझवुड वापरले आणि मग भारतीय रोझवुडकडे वळली. ब्राझिलियन रोझवुड १९९२ पासून सायटिस या, धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या, कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्यामुळे अशी गिटार परवान्याच्या कागदांशिवाय दुसऱ्या देशात विकता येत नाही. २०१९ मध्ये तयार वाद्यांना मिळालेली सवलत इतर रोझवुडपुरती आहे, या लाकडाला ती लागू नाही. तेव्हा परदेशातला ग्राहक होय म्हणण्याआधी कागदांची चौकशी कर.

पाठवताना तारा सैल कर, पण पूर्ण काढू नकोस. केसच्या आत हेडस्टॉकखाली आणि मानेभोवती मऊ कागद घट्ट भर, म्हणजे धक्क्याने मान हलणार नाही. थंडीचे दिवस असतील तर घेणाऱ्याला कळव की खोके घरात आल्यावर केस न उघडता दिवसभर तशीच ठेवावी, कारण गार पडलेले जुने लॅकर एकदम ऊब लागली की तडकते.

कळावे.