तफावतीचा आकडा काढण्याआधी

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

लोकसमूहांच्या आरोग्यातील तफावतीवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्याचे काम तू हाती घेतले आहेस आणि सुरुवात कुठून करावी, असे विचारले आहेस. माझे उत्तर असे की, तफावतीचा आकडा काढण्यापूर्वी तो ज्या दरांमधून निघणार आहे, त्या प्रत्येक दराच्या अंशात (उदाहरणार्थ, मृत्यू) आणि छेदात (ज्या लोकसंख्येतील ते मृत्यू आहेत ती) कोण मोजले गेले आहे, याचा शोध घे. हे काम कंटाळवाणे आहे आणि अहवालात त्याला फार तर एखादा परिच्छेद मिळतो. तरीही पुढचे सगळे विश्लेषण त्याच्यावरच उभे राहते.

अमेरिकेतील मूळनिवासी समूहांचे उदाहरण घे. तेथे मृत्यूच्या दाखल्यावरील वंशाची नोंद बहुधा अंत्यविधीची व्यवस्था करणारे व्यावसायिक नातेवाइकांना विचारून करतात, तर कधी नुसते पाहून करतात. जनगणनेत मात्र तीच माहिती कुटुंबातील माणसे स्वतः भरतात. त्यामुळे जिवंतपणी मूळनिवासी म्हणून मोजली गेलेली व्यक्ती मृत्यूनंतर श्वेतवर्णीय म्हणून नोंदली जाऊ शकते. अशा वेळी अंश घटतो, छेद तेवढाच राहतो आणि त्या समूहाचा मृत्यूदर प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो. म्हणजे ज्यांचे नुकसान मोजायला आपण निघालो, त्यांचेच मृत्यू आपल्या तक्त्यातून गळतात. ही चूक दुरुस्त करण्यासाठी तेथील संशोधकांनी मृत्यूच्या नोंदी मूळनिवासींसाठीच्या आरोग्यसेवेच्या रुग्णनोंदींशी जुळवून पाहिल्या. तुझ्या हाती येणाऱ्या प्रत्येक माहितीसंचाला हाच प्रश्न विचार: समूहाची ओळख कोणी नोंदवली, कोणत्या क्षणी नोंदवली आणि अंश व छेद या दोन्हींसाठी ती एकाच रीतीने नोंदवली गेली का?

वयाचा मुद्दा तुला ठाऊक असेलच, म्हणून थोडक्यात लिहितो. अमेरिकेतील अलास्का राज्याचा ढोबळ, म्हणजे वय विचारात न घेता काढलेला, मृत्यूदर फ्लोरिडा राज्यापेक्षा कमी दिसतो, कारण फ्लोरिडात वृद्धांचे प्रमाण जास्त आहे. वयरचना समान धरून दर काढले की अलास्काची ही सरशी उरत नाही. वयप्रमाणित नसलेले दर शेजारी ठेवून कोणताही निष्कर्ष काढू नकोस आणि कोणती प्रमाण लोकसंख्या वापरली, म्हणजे कोणाची वयरचना सर्वांसाठी समान धरली, ते नेहमी लिही.

प्रत्येक फरक म्हणजे अन्याय नव्हे, हेही ध्यानात असू दे. ब्रिटिश आरोग्य-संशोधक मार्गारेट व्हाइटहेड यांनी 1990 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी लिहिताना अन्याय्य तफावतीची जी ओळख सांगितली, ती मला अजूनही सर्वांत उपयोगी वाटते: जो फरक अनावश्यक आहे, टाळता येण्यासारखा आहे आणि न्यायाला धरून नाही, तो. वृद्धांमध्ये तरुणांपेक्षा हृदयविकार जास्त असणे या व्याख्येत बसत नाही. एकाच वयाच्या दोन माणसांपैकी एकाची जोखीम त्याच्या कामाच्या श्रेणीमुळे वाढणे बसते. हे दुसरे उदाहरण कल्पनेतले नाही. लंडनमधील पुरुष सरकारी कर्मचाऱ्यांचा जो अभ्यास 1967 मध्ये सुरू झाला, त्यात सर्वांत खालच्या श्रेणीतील कर्मचाऱ्यांचा हृदयविकाराने होणारा मृत्यूदर सर्वांत वरच्या श्रेणीच्या तिपटीहून अधिक आढळला. धूम्रपान, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांसारखी परिचित कारणे हिशेबात घेतल्यावरही त्यातील बराचसा फरक शिल्लक राहिला. मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, फरक केवळ दोन टोकांत नव्हता. वरून दुसऱ्या पायरीवरचे लोकही पहिल्या पायरीवरच्यांपेक्षा अधिक जोखमीत होते. म्हणून फक्त सर्वांत गरीब आणि सर्वांत श्रीमंत गटांची तुलना करून थांबू नकोस. मधल्या गटांसह संपूर्ण उतार मोज, नाहीतर लोकसंख्येचा मोठा भाग तुझ्या चित्रात येणारच नाही.

आता मापाविषयी, कारण सर्वाधिक वाद येथेच होतात. समजा, एका समूहातील बालमृत्यूदर दर हजारी 80 वरून 40 वर आला आणि दुसऱ्यातील 40 वरून 16 वर आला. दोघांमधील अंतर 40 वरून 24 झाले, म्हणजे तफावत कमी झाली. गुणोत्तर मात्र 2 वरून 2.5 झाले, म्हणजे तफावत वाढली. दोन्ही विधाने खरी आहेत आणि ज्याला जे सांगायचे असते, तो ते निवडतो. यावर मला पटलेला उपाय असा की, कोणती मापे देणार, हे आकडे हाती येण्यापूर्वीच लिहून ठेवावे, अंतर आणि गुणोत्तर दोन्ही द्यावीत आणि त्यांच्या शेजारी प्रत्येक समूहाचा मूळ दर न चुकता छापावा. मूळ दर दिले नाहीत, तर सुस्थितीतील समूहाची प्रकृती ढासळल्यामुळे कमी झालेली तफावतही प्रगती म्हणून खपून जाईल.

काळाच्या ओघात तफावत वाढली, तर कार्यक्रम फसला असे लगेच ठरवू नकोस. साथरोगतज्ज्ञ सेझार व्हिक्टोरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 मध्ये ब्राझीलमधील बालआरोग्याच्या माहितीवरून दाखवले की, नवी सेवा बहुधा आधी सुस्थितीतील लोकांपर्यंत पोहोचते, त्यामुळे अंतर प्रथम वाढते आणि ती मागे राहिलेल्यांपर्यंत पोहोचू लागली की मगच घटते. ही वाट पाहणे अपरिहार्य आहे, असे मात्र मला वाटत नाही. सेवा सुरुवातीपासून मागे राहिलेल्यांकडे आधी नेता येते आणि तसे झाले की नाही, हे तुझ्या आकड्यांतून दिसायला हवे.

लहान समूहांचे दर एका वर्षात खूप वर जातील आणि पुढच्या वर्षी खाली येतील. अमेरिकेची रोग नियंत्रण संस्था 20 पेक्षा कमी मृत्यूंवर आधारलेल्या दरांवर अविश्वसनीय असा शेरा मारते, आणि ते योग्यच आहे. अशा वेळी तीन किंवा पाच वर्षे एकत्र कर, अनिश्चिततेच्या मर्यादा, म्हणजे खरा दर ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान असण्याची शक्यता आहे ते, दाखव. पण शक्य तोवर समूह एकत्र करू नकोस. वेगवेगळ्या देशांतून आलेल्या माणसांना ‘आशियाई’ अशा एकाच रकान्यात घातले की त्या सर्वांची सरासरी चांगली दिसते आणि त्यातला सर्वांत वंचित गट कोणालाच दिसत नाही.

तक्ते प्रसिद्ध करण्यापूर्वी ते ज्यांच्याविषयी आहेत त्या लोकांसमोर ठेव आणि त्यांच्या हरकतींसाठी वेळापत्रकात जागा राखून ठेव. कॅनडातील मूळनिवासी समूहांनी स्वतःविषयीच्या माहितीवर मालकी, नियंत्रण, उपलब्धता आणि ताबा, असे चार हक्क मांडले आहेत. ते मिळवून वाच आणि तुझ्या कामात त्यांपैकी कोणते पाळता येतील, ते मला पुढच्या पत्रात कळव.

तुझा हितचिंतक