प्रश्न वाचकांचे : थीम पार्कची सॅक कशी भरावी?

सुट्ट्या तोंडावर आल्या की खोपोलीजवळचं इमॅजिका आणि बेंगळुरूपलीकडे बिडदीजवळचं वंडरला यांचे बेत घरोघरी ठरू लागतात. या वेळी आलेल्या पत्रांत तिकिटापेक्षा सॅकेचीच विचारणा जास्त आहे. त्यांतले काही प्रश्न निवडून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत.

आम्ही दोघं आणि दोन मुलं. प्रत्येकाची वेगळी सॅक घ्यावी, की एकच मोठी?
(टिळकवाडी, बेळगाव)

चौघांत मिळून एकच घ्या, आणि तीही 18 ते 20 लिटरची, म्हणजे शाळेच्या दप्तराएवढी. मोठ्या राइडवर सॅक नेऊ देत नाहीत. ती बाजूच्या रॅकवर ठेवावी लागते किंवा कुणीतरी सांभाळत खाली थांबावं लागतं. दोन-तीन सॅका असल्या, की एक मोठं माणूस दिवसभर त्यांच्याच राखणीला बसतं.

रात्रीच्या प्रवासाचं सामान वेगळं बांधा. शाल, स्वेटर, परतीचे कपडे आणि जेवणाचे डबे ज्या पिशवीत असतील ती गाडीत किंवा लॉजवर राहू द्या. बसने जाऊन थेट पार्क गाठणार असाल, तर ही पिशवीही कापडी आणि मऊ असावी. चाकांची मोठी बॅग भाड्याच्या लॉकरमध्ये शिरत नाही, आणि मग ती पार्कभर ओढत फिरावं लागतं.

पाण्यासकट सॅकेचं वजन 4 किलोच्या आत ठेवा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा चार बाटल्यांतच वजन संपतं. दोन भरलेल्या बाटल्या पुरेत, पुढे आत भरून घेता येतात. बाटल्या पाठीला लागून उभ्या ठेवा. बाहेरच्या कप्प्यात जड वस्तू गेली की सॅक मागे ओढते आणि खांदे दुखतात. तळाशी टॉवेल आणि कोरडे कपडे, मध्ये औषधांची डबी, सगळ्यात वर टोपी, सनस्क्रीन आणि पैसे. दर तासाला लागणारी वस्तू तळाशी गेली, की रांगेत उभं राहून सगळी सॅक उपसावी लागते. ओल्या कपड्यांसाठी दोन जाड प्लास्टिक पिशव्या घडी करून ठेवा. परतीच्या वाटेवर त्यांचीच सगळ्यात जास्त गरज पडते.

एप्रिलमध्ये इमॅजिकाला जातोय. बेळगावात पहाटे गार असतं, तर मुलांना जाड कपडे घालू का?
(वडगाव, बेळगाव)

अंगावर जाड कपडे नकोत. बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण 750 मीटर उंचीवर आहे, तर खोपोली बोरघाटाच्या पायथ्याशी, कोकणाच्या तोंडावर. आपल्याकडच्या कोरड्या हवेतून निघालेलं माणूस तिथे सकाळी दहालाच घामाने भिजतं. घाम वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही आणि मुलं लवकर मलूल होतात. स्वेटर बसपुरता ठेवा. पार्कात सैल, फिक्या रंगाचे कपडे, टोपी आणि एक जादा बनियन. बेंगळुरूही आपल्यासारखंच पठारावर, उंचावर असल्याने वंडरलाला हा फरक तितका जाणवत नाही.

ओआरएसच्या मोठ्या पुड्या दोन घ्या. या ठिकाणी फार चूक होते. साधारण 21 ग्रॅमची ही पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. अर्ध्या लिटरच्या बाटलीत ती पूर्ण ओतली तर द्रावण दुप्पट खारट होतं आणि लहान मुलांना त्याचा त्रास होतो. चवीला नको वाटतं म्हणून त्यात साखर किंवा सरबत मिसळू नका. लिटरची बाटली घरूनच सोबत ठेवा, म्हणजे मापाचा घोळ होत नाही.

सनस्क्रीन बाहेर पडण्याच्या पंधरा-वीस मिनिटं आधी लावा, दर दोन तासांनी पुन्हा, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर अंग पुसून लगेच. मान, कानांच्या पाळ्या आणि पावलांची वरची बाजू हमखास राहून जाते.

वॉटर पार्कात सुती कपडे चालत नाहीत म्हणतात. साध्या सुती पंजाबी ड्रेसने काय बिघडतं?
(खानापूर)

बिघडतं. सुती कापड पाणी शोषून जड होतं, घसरगुंडीवर चिकटतं आणि वेग मध्येच तुटतो. तेवढ्यात मागून येणारा माणूस येऊन आपटू शकतो. ओढणी आणि सैल सलवार अडकण्याचा धोका वेगळाच. सुताचे तंतू सुटून पाण्याच्या गाळणीत जातात, आणि जीन्सची बटणं व झिपा घसरगुंडीच्या गुळगुळीत पृष्ठभागावर ओरखडे पाडतात. म्हणूनच दोन्हीकडे नायलॉन, लायक्रा किंवा तसल्याच कृत्रिम धाग्याचा पोहण्याचा पोशाख लागतो.

अंग झाकून राहायचं असेल, तर पूर्ण बाह्यांचा आणि घोट्यापर्यंत लेगिंग असलेला नायलॉनचा पोशाख मिळतो. तो घरूनच घेऊन जा. तिथे विकत घेताना किंवा भाड्याने घेताना मापाचा मिळेलच असं नाही. विकत घेताना कापडावरची चिठ्ठी वाचा. 'कॉटन मिक्स' लिहिलेली टी-शर्ट नायलॉनसारखी दिसली, तरी दारावर अडवली जाऊ शकते. मंगळसूत्र, बांगड्या, पैंजण घरीच ठेवा.

शिदोरी आत नेता येते का? नाही तर एवढ्या लांब मुलांना काय खायला घालायचं?
(निपाणी)

बाहेरचं खाणं आत नेऊ देत नाहीत. तान्ह्या बाळाचं खाणं आणि आजारपणासाठी लागणारं पथ्याचं खाणं दारावर दाखवून, सांगून न्यावं लागतं. शिदोरी नेऊ नका असं मात्र मुळीच नाही. बेळगावहून खोपोली साधारण 420 किलोमीटर आणि बेंगळुरू 500. रात्री निघून सकाळी पोहोचायचं, तर दार उघडण्याआधी पोटभर खायला घरचंच बरं.

नऊ-दहा तास टिकेल तेच बांधा: दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या, धपाटे, तिखटमिठाच्या पुऱ्या, शेंगदाण्याची कोरडी चटणी, चिरमुऱ्यांचा भडंग. ओल्या नारळाची चटणी, दहीभात आणि बटाट्याची भाजी नको. बंद डब्यात आणि तापलेल्या गाडीत हे तीनही पहाटेपर्यंत आंबतात. पोळ्या गरम असतानाच डब्यात भरल्या तर वाफेचं पाणी झाकणाला साचतं आणि तेवढ्याने त्या चिकट होऊन खराब होतात. परातीत पसरून पूर्ण निवू द्या, मग सुती कापडात गुंडाळा. तिखट थोडं कमीच घाला. भर उन्हात गोल फिरणाऱ्या राइडवर तिखट, तेलकट पोट सगळ्यात आधी ढवळतं. खाणं आणि पहिली मोठी राइड यांत एक तासाचं अंतर असू द्या.

आमच्या शाळेची सहल वंडरलाला जाणार आहे. 40 मुलांच्या सॅका सांभाळायच्या कशा?
(एक शिक्षिका, चिकोडी तालुका)

मुलांच्या सॅका बसमध्येच राहू द्या. दहा मुलांमागे एक शिक्षक आणि त्यांच्याकडे एक सॅक, असे चार गट करा. प्रत्येक सॅकेत दोन लिटर पाणी, ओआरएस, चिकटपट्ट्या, कापूस, उलटीसाठी पाच-सहा पिशव्या, आणि पालकांनी नावनिशी लिहून दिलेली मुलांची औषधं. तोंडी सांगितलेल्या डोसवर औषध देऊ नका.

मुलाच्या अंगावरची चिठ्ठी आपण बहुधा मराठीत लिहितो. तिथल्या कर्मचाऱ्यांना देवनागरी वाचता येईलच असं नाही. मुलाचं नाव, शाळा आणि शिक्षकांचा मोबाइल नंबर कन्नड आणि इंग्रजीतही लिहा. जेल पेन वापरू नका, त्याची शाई पाण्यात पसरते. साधं बॉलपेन टिकतं. चिठ्ठी प्लास्टिकमध्ये सीलबंद करून मनगटाला सैल बांधा. गळ्यात दोरी नको, घसरगुंडीवर ती अडकते.

आणखी एक गोष्ट निघण्याआधीच करा. अनवाणी उभं करून प्रत्येक मुलाची उंची मोजून लिहून ठेवा. राइडची परवानगी उंचीवर ठरते. दोन तास रांगेत उभं राहिल्यावर परत पाठवलेलं मूल मग दिवसभर रडवेलं असतं.

वडिलांना मधुमेह आहे, इन्सुलिन घेतात. ते बरोबर येऊ शकतील का?
(शहापूर, बेळगाव)

डॉक्टरांची परवानगी असेल, तर चालण्या-बसण्यापुरतं नक्की येऊ शकतील. वेगवान राइड त्यांना टाळायला सांगा. त्या दिवशी नेहमीपेक्षा बरंच जास्त चालणं होतं आणि साखर खाली येऊ शकते, म्हणून डोसबद्दल आधीच डॉक्टरांना विचारा.

वापरात असलेलं इन्सुलिन 30 अंशांखाली राहायला हवं. बंद गाडी आणि उन्हातला लॉकर याहून कितीतरी जास्त तापतो, तेव्हा ते सॅकेतच, मधल्या कप्प्यात ठेवा. इन्सुलिनचं पेन छोट्या प्लास्टिक पिशवीत घालून वरून ओला नॅपकिन गुंडाळला तर थोडा गारवा मिळतो, पण खोपोलीच्या दमट हवेत तेवढ्यावर विसंबू नका. बर्फाला थेट चिकटवून ठेवू नका, एकदा गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. प्रिस्क्रिप्शनची प्रत सोबत असू द्या, दारावर सुई आणि औषध दाखवताना ती लागते.

घाम फुटला, हात थरथरले, बोलणं अडखळलं, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या आणि 15 मिनिटांनी साखर तपासा. त्यासाठी साखरेची पुडी वडिलांच्या खिशातच असावी. तुम्ही मुलांबरोबर रांगेत असाल तेव्हा सॅक त्यांच्याजवळ असेलच असं नाही.

पॉवर बँक किती मोठी घ्यावी? आणि 'शक्ती' योजनेचा उपयोग होतो का?
(काकती)

चौघांना 10,000 एमएएचची एक पुरते. व्होल्टेज बदलताना आणि उष्णतेत काही भाग जातो, त्यामुळे प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजारच हाती लागतात. फोनची पाण्यात नेण्याची पिशवी घरी बादलीत तपासा: आत कोरडा टिश्यू कागद घालून अर्धा तास बुडवा, कागद ओला झाला तर ती पिशवी बाद. गाडीची रिमोट किल्ली लॉकरमध्येच ठेवा, ती पाण्यात गेली की परतीची गाडी सुरू होणार नाही.

11 जून 2023 पासून सुरू असलेली 'शक्ती' ही कर्नाटकातल्या महिलांसाठीची मोफत बसप्रवासाची योजना राज्याच्या आतल्या साध्या आणि एक्स्प्रेस सरकारी बसना लागू आहे. स्लीपर, वातानुकूलित आणि राज्याबाहेर जाणाऱ्या गाड्यांना नाही. बेंगळुरूला साध्या किंवा एक्स्प्रेस सरकारी बसने जाणार असाल, तर आधार कार्ड सॅकेच्या वरच्या कप्प्यात ठेवा. कंडक्टर तिकीट देताना ते मागतो.