आजारी मनीबद्दल, ताई

ताई, मनी मांजरीला इंजेक्शन देऊन कायमचा निरोप द्यायचा का, हे आजच ठरवायची घाई नको. आधी बघा: ती आपणहून खाते का, मातीच्या ट्रेपर्यंत जाते का, अंग चाटते का? रोज 'बरा दिवस' की 'वाईट' एवढं वहीत लिहा. वाईट दिवस वाढले की डॉक्टरांना स्पष्ट विचारा.

नेहमीच्या चुका:
- गुरगुरते म्हणजे बरी आहे, असं समजणं. मांजर वेदनेतही गुरगुरतं.
- घरातली पॅरासिटामॉल देणं. एका गोळीनेही जीव जाऊ शकतो.

तोंड उघडून धापा टाकत असेल तर मात्र लगेच न्या. निरोप द्यायचं ठरलंच तर आधी गुंगीचं इंजेक्शन द्यायला सांगा, म्हणजे शेवटचं तिला जाणवणार नाही. भुसावळहून जळगावला नेणार असाल तर या उन्हात पहाटेच निघा.