ड्युअल मास फ्लायव्हील गेलंय, त्याजागी साधं सॉलिड टाकलं तर चालेल का?

तुमची डिझेल गाडी सव्वा लाख किलोमीटर चाललीय, क्लचचं काम निघालंय आणि मेकॅनिक म्हणतोय, "ड्युअल मास महाग पडंल, सॉलिड टाकूया." (फ्लायव्हील म्हणजे इंजिन आणि क्लचच्या मधलं जड चाक; ड्युअल मास म्हणजे मधे स्प्रिंगा असलेल्या दोन चकत्यांचं, सॉलिड म्हणजे एकाच तुकड्याचं.) हाच सल्ला ऐकून मीही सॉलिड टाकलं होतं. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत मशीनशॉपला आहे मी, फ्लायव्हीलची कास्टिंगं रोज हाताखालनं जातात, म्हणून जरा जास्तच शहाणपण होतं.

गावात गाडी झकास चालली. घाटात गगनबावड्याला निघालो आणि चढाला चौथ्या गिअरमध्ये इंजिन दमवलं, की गिअरबॉक्समधनं डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज. न्यूट्रलला उभी असतानाही तेच, क्लच दाबला की गप्प. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, एका फेऱ्यात दोन धक्के बसतात. ड्युअल मासच्या दोन चकत्यांमधल्या स्प्रिंगा ते गिळतात. सॉलिडमध्ये ते काम क्लचप्लेटच्या छोट्या स्प्रिंगांवर येतं, आणि त्या पुऱ्या पडत नाहीत. वर्षभरात परत ड्युअल मास टाकलं. गिअरबॉक्स दोनदा उतरवायची मजुरी गेली ती गेलीच.

पण आधी ड्युअल मास खरंच गेलंय का बघा. गिअरबॉक्स उतरल्यावर वरची चकती हातानं फिरवायला लावा. थोडी फिरून स्प्रिंगनं अडली तर ठीक. ढिली फिरते, डुगडुगते किंवा ग्रीस बाहेर उडालंय, तर गेलं. किती ढील चालते ते त्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, मेकॅनिककडं आकडा मागा.

गाडीला मुळातच सॉलिड असेल तर गोष्ट वेगळी. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर फेसिंग मारून, म्हणजे घासलेला पृष्ठभाग सपाट करून मिळतं. तडे असतील तर मात्र भंगारात. आणि पिकअपच्या नादात बिडाचं फ्लायव्हील कोरून हलकं करू नका. जास्त आरपीएमला फुटलं तर बेलहाउसिंग, म्हणजे त्याच्यावरचं कवच, फोडून बाहेर येतं.

नवं घेताना चेसिस नंबर सांगा, जुनं शेजारी ठेवून बोल्टची भोकं आणि रिंग गिअरचे, म्हणजे कडेच्या दातेरी कड्याचे, दात मोजा. क्लचप्लेट त्याच जोडीची घ्या, ड्युअल मासची प्लेट सॉलिडवर चालत नाही. क्रँकच्या मागच्या ऑइल सीलला तेलाचा घाम दिसला तर तेव्हाच बदला. फ्लायव्हील क्रँकला धरणारे बोल्ट नवेच. मेकॅनिक जुनेच पुसून लावायला लागला, तर तिथंच हात धरा.